न नेलेला कोट

डाग थोरलीने पाडला, याबद्दल त्या दुपारी घरात एकमत झालं. या घरात एकमत क्वचितच होत असे, त्यामुळे झालेलं कुणी पुन्हा तपासून पाहिलं नाही.

कोट दुकानातल्या मोठ्या टेबलावर पालथा पडला होता. गडद निळा, जाड लोकरीचा, कुणा गिऱ्हाइकाने धुवायला टाकलेला आणि पुन्हा कधीच न नेलेला. पाठीवर, खांद्याच्या जरा खाली, इस्त्रीच्या तळाएवढा भाग काचेसारखा चमकत होता. जळला असता तर चूक म्हणता आली असती. पण लोकरीवर तापलेली इस्त्री नुसतीच दाबून धरली, तर कापडाची लव चपटी होते आणि अशी चकाकी धरते. म्हणून आधी ओलं फडकं टाकायचं, मग इस्त्री. या घरातल्या मुली अक्षरं गिरवायच्या आधी हे शिकल्या होत्या. लाँड्रीवाल्यांच्या हातून अशी चूक होत नाही. ती करावी लागते.

"मुद्दाम केलंय," धाकटी म्हणाली. "सरळ सरळ मुद्दाम. सांग ना ताई, काय मिळालं तुला?"

"मी केलेलं नाही," थोरली म्हणाली.

"मग काय कोट स्वतःच जाऊन इस्त्रीखाली झोपला?"

साप्ताहिक सुट्टी होती. शटर अर्धं खाली ओढलेलं होतं आणि त्याच्या खालून रस्त्यावरच्या चपला येता-जाताना दिसत होत्या. टेबलाभोवती पाचही जणं उभी होती. दुकानात खुर्च्या नव्हत्या. बसणाऱ्याच्या कपड्यालाच नव्हे, अकलेलाही सुरकुती पडते, असं या मुलींचे आजोबा म्हणत. ते गेले तरी खुर्ची आली नाही. घरातलं काहीही मोठं असलं, लग्नाची बोलणी, दवाखान्याचे कागद, भांडण, की ते याच टेबलाभोवती उभ्याने व्हायचं. आज काकाच्या चित्रपटाच्या दुसऱ्या भागाचं वाचन व्हायचं होतं.

पहिल्या भागाने घराचं काय केलं, ते गल्लीला पाठ होतं. एक लहान मुलगी, आई नसलेली, लाँड्रीत न नेलेल्या कपड्यांच्या दांडीवर लटकलेल्या एका मोठ्या कोटात शिरून बसते. सगळे शोधतात. शेवटी काका येतो, कोटाची बटणं काढतो आणि तिला बाहेर घेतो. लोक रडले. काकाला बक्षिसं मिळाली. ती मुलगी खरं म्हणजे थोरली होती, पण चित्रपट निघाला तेव्हा थोरली तेरा वर्षांची होती, चेहऱ्यावर मुरमं आणि मिठी मारायला जावं तर कोपर लागेल अशी. नऊ वर्षांची धाकटी तयारच होती. काकाने दोन बहिणींची एक मुलगी केली आणि ती धाकटीला देऊन टाकली. आठ वर्षं झाली, अजून लोक धाकटीला थांबवून विचारतात, "तू ती कोटातली ना?" थोरली शेजारी उभी असते. तिच्या हातात पिशव्या असतात.

दुसऱ्या भागात मुलगी मोठी होते, घर सोडून शिकायला जाते. या वेळी मात्र काकाने तिला एक मोठी बहीण लिहिली होती. त्या कामासाठी बाहेरची एक नटी जवळजवळ ठरली होती, पण काका थोरलीला म्हणाला होता, "तू वाच. वाचनात जमलं तर तूच." तेव्हापासून थोरली बाथरूमचा नळ मोठा सोडून सराव करत होती. नळ सगळ्यांना ऐकू येत होता. सरावही.

आणि काल संध्याकाळी कोट घालून पाहिला होता. पहिल्या भागात जमिनीवर लोळणारा तो कोट दुसऱ्या भागात मुलीच्या अंगाला बरोब्बर बसलेला दिसायला हवा होता. धाकटी सगळ्यांच्या वर डोकं काढून वाढली होती. बाह्या मनगटाच्या चार बोटं वरच राहिल्या. मग गंमत म्हणून थोरलीने घातला. खांदा खांद्यावर, बाही मनगटावर. जणू मापं घेऊनच शिवलेला.

"अरे वा!" काका म्हणाला होता. आणि लगेच, "पण कोट हिचा. बाह्या सोडून घेऊ."

ते "अरे वा" धाकटीला रात्रभर पुरलं होतं. "कोट हिचा" हे थोरलीला.

"काल घालून बघितलास तेव्हाच तुझा चेहरा बघितला मी," धाकटी म्हणाली. "मला मिळत नाही तर कुणालाच नको. लहानपणी माझ्या बाहुलीचं हेच केलंस."

"बाहुली माझी होती."

"सगळंच तुझं होतं! जन्माला आले तेव्हापासून ऐकतेय. फ्रॉक ताईचा, दप्तर ताईचं, सायकल ताईची. एक गोष्ट माझी झाली आयुष्यात, तर ती पण म्हणे तुझीच!"

"म्हणे नाही. माझीच आहे."

"मग करायचंस ना काम! कुणी अडवलं होतं? मुरमांनी?"

"अगं ए," आई म्हणाली. एवढंच. तेवढं पुरलं.

आईचं या चित्रपटाशी वेगळंच वाकडं होतं. पहिल्या भागात काकाने तिला मारून टाकलं होतं. आई नसलेली मुलगी जास्त लागते मनाला, वहिनी, असं त्याने समजावलं होतं. त्यानंतर कित्येक महिने अनोळखी गिऱ्हाइकं गल्ल्यावर तिला बघून दचकत. एका बाईने तर तिचा हात हातात घेऊन, "तुम्ही दुसऱ्या का?" असं विचारलं होतं.

"भावजी, या भागात तरी आहे का मी?" तिने काल विचारलं होतं.

"आहात ना. फोटोत."

"बोलते का काही?"

"फोटो आहे, वहिनी."

"आणि हे?" तिने नवऱ्याकडे बोट दाखवलं होतं.

"दादाला या वेळी संवाद आहे," काका उत्साहाने म्हणाला होता. पहिल्या भागातला बाप दीड तास मुका उभा होता. दुसऱ्या भागात, मुलगी निघताना, तो म्हणतो, "बरं."

"प्रगती आहे," आई म्हणाली होती.  बाबा पटकथेची पानं उचलून गल्ल्यामागे गेले होते आणि चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ वाचत बसले होते, म्हणजे उभे होते.

आता थोरली कोटाकडे बघत होती. बचाव काय करावा, हे तिला सुचत नव्हतं. खरं बोलणाऱ्याची हीच पंचाईत असते. त्याच्याजवळ एकच वाक्य असतं. मग तिला इस्त्रीचं टोक दिसलं.

तळाचा ठसा स्वच्छ उमटला होता, मागची गोलाई, पुढचं टोक. इथे प्रत्येक कपडा एकाच पद्धतीने मांडतात, गळा पलीकडे. तशा कोटावर उजव्या हाताने इस्त्री ठेवली की टोक डावीकडे झुकतं. हे टोक उजव्या बाहीकडे झुकलेलं होतं.

घरात डावखुरं माणूस एकच होतं.

तिने वर पाहिलं. बाबा टेबलाच्या टोकाशी उभे होते आणि एक चादर, जिची घडी आधीच घातलेली होती, तिची घडी घालत होते. डाव्या हाताने कडा दाबत. त्यांनी मान वर केली नाही.

थोरलीने नजर पुन्हा कोटावर आणली.

टेबलाच्या दुसऱ्या बाजूला आईने तेच टोक सकाळी, सगळ्यांच्या आधी पाहिलं होतं. तिला आश्चर्य वाटलं नाही, धक्काही बसला नाही. तिला क्षणभर हेवा वाटला. सिनेमात आपल्याला मारलं, ते आपण आठ वर्षं हसण्यावारी नेलं. इस्त्री उचलायचं आपल्याला का नाही सुचलं? आता ती थोरलीकडे बघत होती. ही बोलणार, असं तिला वाटलं. बोलली नाही तेव्हा आईला आपल्याच पोटच्या पोरीची थोडी भीती वाटली.

काकाला टोक दिसलं नाही. तो याच दुकानात वाढला होता, पण कायम गल्ल्यावर. गिऱ्हाइकांच्या गोष्टी ऐकायला तिथे बरं पडायचं. तो कोटावरून बोट फिरवत होता.

"जाईल का हे?"

"प्रयत्न करता येईल," बाबा म्हणाले. चादरीला.

"राग समजतो मला," काका थोरलीला म्हणाला. तो खरोखरच दयाळू होता, त्यामुळे ऐकणं जास्त अवघड गेलं. "पण सेटवर पन्नास माणसं असतात, बेटा. तिथे असं काही झालं तर मी कुणाला तोंड दाखवू? मी त्या नटीला कळवतो. ती करेल बहिणीचं काम."

"बरं," थोरली म्हणाली.

तो शब्द टेबलावर पडला आणि बाबांचा हात थांबला.

धाकटी जिंकली होती. जिंकल्यावर बरं वाटायला हवं होतं. ती बहिणीच्या चेहऱ्याकडे बघत राहिली. तिथे रडू नव्हतं, भांडण नव्हतं, तिला न कळणारं काहीतरी होतं. धाकटीला चेहरे कळत असत, तोच तिचा धंदा होता. हा चेहरा तिला करता आला नसता. तिला एकदम अख्ख्या बहिणीचाच राग आला.

"एवढंच?" ती म्हणाली. "भांड ना. एरवी चमच्यावरून भांडतेस."

"नको."

आणि काकाने खिशातून पेन्सिल काढली.

ती पेन्सिल सगळ्यांच्या ओळखीची होती. घरात कुणी पडलं, रडलं, पळून गेलं, की ती निघायची. काकाने पानं उलटी केली आणि मागच्या कोऱ्या बाजूवर लिहायला सुरुवात केली. ओठ हलत होते.

"काय करतोयस?" बाबांनी विचारलं.

"काही नाही दादा. सुचलं एक."

"काय सुचलं?"

"मोठी बहीण. कोट तिला बसतो, पण मिळत नाही. आदल्या दिवशी ती एकटी दुकानात येते. इस्त्री तापवते. फडकं हातात घेते... आणि बाजूला ठेवते." काका आता सगळ्यांकडे बघून बोलत होता, डोळे चमकत होते. "काही बोलत नाही. नुसती वाफ. बघा ना, अख्ख्या सिनेमात हाच तर प्रसंग कमी होता! शेवट इथून फिरेल. त्या नटीला पण आवडेल, तिला मोठा प्रसंग हवाच होता."

"भावजी, जरा लाज?" आई म्हणाली.

"वहिनी, चांगलं होईल हो."

"खोड ते," बाबा म्हणाले.

"दादा, ऐक तर. तिचं नाव कुठे येतंय? फक्त..."

"खोड म्हणतो ना! डाग तिचा नाहीये."

"मग कुणाचा आहे?"

"माझा आहे!" बाबांनी चादर टेबलावर आपटली. तिची घडी मोडली. "माझा! मी केला. सकाळी, कुणी उठायच्या आत. फडकं बाजूला ठेवून, मोजून-मापून केला. आणि आता तोही तू घेणार? तोही दुसऱ्याला देणार? अरे, आयुष्यात एक वाईट काम केलं मी, ते तरी माझ्या नावावर राहू दे की!"

शटरखालून जाणाऱ्या चपला थांबल्या, आणि नाइलाजाने पुढे गेल्या.

काकाची पेन्सिल हवेत होती. "तू? पण का?"

"का?" बाबा हसले. हसायची सवय नसल्यामुळे ते खोकल्यासारखं वाटलं. "काल वाचलं मी तुझं. शेवटी कोण येतं? काका येतो. कोट तिच्या खांद्यावर कोण घालतो? काका. आणि बाप काय म्हणतो? बरं! दुकान बापाचं, पोरगी बापाची, कोट बापाने इतकी वर्षं डांबराच्या गोळ्या घालून सांभाळलेला. आणि हा म्हणतो, दादा, जरा प्रेस करून ठेव."

"पण दादा, बाहेर तर मीच काढलं होतं तिला. संध्याकाळी. ते खोटं नाहीये."

"तू संध्याकाळी आलास."

"मग?"

"मला दुपारीच माहीत होतं."

थोरलीने मान वर केली.

"काय माहीत होतं?" तिने विचारलं.

बाबा तिच्याकडे न बघता बोलले. "तू कुठे आहेस ते. कोटाखाली बूट दिसत होते. लाल. एकाचा पट्टा सुटलेला."

"मग काढलं का नाही मला?"

"तुला बाहेर यायचं नव्हतं."

आता त्यांनाच पुढे बोलावं लागलं. ते त्यांना जमत नव्हतं. शब्द एकेक करून बाहेर येत होते, धुलाईतून बटणं निघावीत तसे. "आई घर सोडून गेलेली. तू आत शिरलीस. म्हटलं, असू दे. पण एकटं वाटायला नको. म्हणून टेबल ओढलं दांडीजवळ, तिथेच इस्त्री करत राहिलो. तुला आवाज यावा म्हणून. इस्त्री करायला कपडेच उरले नाहीत मग. केलेलेच परत केले." त्यांनी मोडलेली चादर पुन्हा हातात घेतली. "मग हा आला, आणि मोठ्याने हाका मारत गेला आत."

थोरलीला तो आवाज आठवत होता. कोटाच्या आतला अंधार, डांबराच्या गोळ्यांचा वास आणि बाहेर फस्स... फस्स... तिला इतकी वर्षं वाटत होतं की बाबांना काम जास्त महत्त्वाचं होतं.

"आणि मी?" धाकटीने विचारलं. आवाज लहान झाला होता. "त्या दिवशी मी कुठे होते?"

"माझ्या कडेवर," आई म्हणाली. "तुझ्या मावशीकडे."

"ही कडेवर," थोरली म्हणाली, "आणि मी दांडीवर." तिला हसायचं होतं, पण ते वाक्य इतकी वर्षं आत राहिलं होतं की बाहेर येताना धार घेऊनच आलं. "हिलाच का नेलंस आई? मला का नाही?"

आईने कोटाची बाही उगाचच सरळ केली. "दोघींना नेलं असतं," ती म्हणाली, "तर मी परत आले नसते."

धाकटीने बहिणीकडे पाहिलं. आपण त्या गोष्टीत नव्हतोच. पडद्यावर ती गोष्ट आपली म्हणून वावरलो, रडलो, टाळ्या घेतल्या, आणि खऱ्या दुपारी आपण दुसऱ्याच घरात दूध पीत होतो. आपल्याला फक्त उचलून नेलं. थांबून वाट बघितली ती हिची. धाकटीला इतका हेवा कधीच वाटला नव्हता, आणि पहिल्यांदाच तो कशाचा आहे हे तिला नेमकं माहीत होतं.

"सॉरी म्हणणार नाही मी," ती म्हणाली. "बाहुलीचं तर तूच केलंस."

"बाहुलीचं मीच केलं," थोरली म्हणाली.

काकाने पेन्सिल खिशात ठेवायला घेतली. आईने ती मधेच काढून घेतली आणि स्वतःच्या अंबाड्यात खोचली. "वाचन झाल्यावर देते. आधी ठरवा, बहीण कोण वाचणार आहे."

"वहिनी, तिने नाही केलं म्हटल्यावर प्रश्नच नाही. वाच गं तू." काका थोरलीकडे वळला आणि जरा ओशाळला. "आणि त्या दुपारचं... ते दादाला चालणार असेल तर..."

"बघू," बाबा म्हणाले. त्यांनी व्हिनेगर घातलेलं पाणी आणलं होतं. फडकं पिळून चकाकीवर पसरलं. "आधी हे बघू दे. पूर्ण जाणार नाही. थोडं दिसेल."

"दिसू दे," थोरली म्हणाली.

पानं वाटली गेली. बहिणीचा पहिला प्रसंग दांडीजवळचा होता, आणि या घरात वाचायचं म्हणजे जागेवर जाऊन वाचायचं. थोरली टेबलाला वळसा घालून न नेलेल्या कपड्यांमागे गेली. पडद्यासारखे कपडे मिटले. आतून पानाचा आवाज आला, मग तिचा, नळाशिवाय. पहिल्या वाक्याला तो कापला, दुसऱ्याला कापला नाही.

धाकटी ऐकत होती. तिचं वाक्य यायचं होतं आणि ती ते विसरली. चांगलं वाचतेय, असं तिच्या मनात आलं, आणि पाठोपाठ, फारच चांगलं वाचतेय.

"ताई, जरा हळू," ती म्हणाली. "मला पण काम आहे या सिनेमात."

आतलं वाचन थांबलं नाही. धाकटीने वाकून कपड्यांखाली पाहिलं.

"आणि बूट दिसतायत तुझे."

"असू दे," बाबा म्हणाले. त्यांनी टेबल थोडं दांडीकडे ओढलं आणि ओल्या फडक्यावर इस्त्री टेकवली.